विश्लेषण : शंभरीच्या उंबरठ्यावर थांबलेली लढत! कॅथलिक फादरांच्या विद्यापीठाला फुटबॉल इतका जवळचा का?

अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठ आणि युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, म्हणजेच यूएससी, यांच्यातील फुटबॉल सामना १९२६ पासून खेळला जात आहे. दुसरे महायुद्ध आणि करोना साथीचा काळ वगळला तर त्यात खंड पडला नव्हता. मात्र शंभर वर्षे पूर्ण होण्याच्या वर्षी, २०२६ मध्ये, हा सामना होणार नाही. नोटर डेम हे कॅथलिक धर्मगुरूंनी स्थापन केलेले आणि आजही एका फादरांच्या नेतृत्वाखाली चालणारे विद्यापीठ आहे. तेथील फादरांनी फुटबॉलवर आणि त्यातील पारंपरिक लढतींवर इतका जीव का लावला, आणि आता या लढतींचे भवितव्य कोण ठरवते, याचा हा आढावा.

नेमके काय घडले?

१८ ऑक्टोबर २०२५ रोजी इंडियाना राज्यातील साऊथ बेंड येथे नोटर डेमने यूएससीला ३४-२४ असे हरवले. दोन्ही विद्यापीठांतील करारातील हा अखेरचा सामना होता. तो वाढवण्यासाठी बराच काळ बोलणी सुरू होती. डिसेंबर २०२५ मध्ये ती फिसकटल्याचे स्पष्ट झाले आणि नोटर डेमने २०२६ व २०२७ साठी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी सामने ठरवले.

वाद मुख्यतः तारखेचा होता. यूएससीला हा सामना हंगामाच्या सुरुवातीला हवा होता. नोटर डेमला तो परंपरेप्रमाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच हवा होता. वरवर पाहता हा वेळापत्रकाचा प्रश्न. पण त्यामागे राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफचे आणि पैशाचे गणित आहे. यूएससी २०२४ मध्ये ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या गटात दाखल झाले. तेथे गटातीलच नऊ सामने खेळावे लागतात. त्यावर सुमारे तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी आणखी एक सामना, तोही हंगामाच्या मध्यावर किंवा शेवटी, म्हणजे आणखी एका पराभवाची जोखीम.

हा फुटबॉल कोणता, आणि फादर त्यात कसे आले?

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचे किंवा फेकायचे आणि प्रतिस्पर्ध्याची शेवटची रेषा ओलांडायची, असा हा अंगमेहनतीचा आणि धडका घेण्याचा खेळ. अमेरिकेत त्याची विद्यापीठ पातळीवरील स्पर्धाही अतिशय लोकप्रिय आहे. सामन्यांना पाऊण-एक लाख प्रेक्षक येणे तेथे नेहमीचे आहे.

धर्मगुरू आणि खेळ ही जोडी आपल्याकडेही अपरिचित नाही. आपल्या ओळखीचा फुटबॉल गोव्यात रुजवण्याचे श्रेय विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश फादरांना दिले जाते. १८८३ मध्ये शिवोलीत त्यांनी मुलांना हा खेळ शिकवला, असे मानले जाते.

नोटर डेमची स्थापना १८४२ मध्ये एडवर्ड सोरिन या फ्रेंच फादरांनी केली. ते होली क्रॉस धर्मसंघाचे होते. या विद्यापीठाचा अध्यक्ष आजही याच धर्मसंघाचा धर्मगुरू असावा लागतो. २०२४ पासून फादर रॉबर्ट डाऊड हे पद सांभाळत आहेत. विद्यापीठात १८८७ मध्ये फुटबॉल सुरू झाला. मिशिगन विद्यापीठाच्या खेळाडूंनी येथे येऊन विद्यार्थ्यांना खेळ शिकवला आणि लगेच हरवलेही.

फुटबॉलच का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅथलिकांकडे संशयाने पाहिले जाई. आयर्लंड, इटली, पोलंडमधून आलेले हे स्थलांतरित बहुतांश गरीब होते. त्यांची निष्ठा अमेरिकेवर की रोममधील पोपवर, असा प्रश्न उघडपणे विचारला जाई. इंडियाना तर कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी आणि कॅथलिकविरोधी संघटनेचा बालेकिल्लाच होता. मे १९२४ मध्ये क्लॅनने साऊथ बेंडमध्ये मेळावा भरवला. नोटर डेमचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि हाणामारी झाली. तेव्हाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी स्वतः गावात जाऊन विद्यार्थ्यांना समजावून परत नेले.

त्याच वर्षी नोटर डेमचा संघ एकही सामना हरला नाही. १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील रोझ बाऊलमध्ये त्याने स्टॅनफर्डला २७-१० असे हरवले. विद्यार्थ्यांच्या धार्मिक शिक्षणाची जबाबदारी असलेले फादर जॉन ओहारा यांनी या दौऱ्यात मोठी संधी पाहिली. रेल्वेने प्रवास करणारा संघ वाटेतील शहरांत थांबे, खेळाडू मिस्सेला जात आणि स्थानिक कॅथलिक त्यांचे स्वागत करत. जिंकणारा, शिस्तीचा आणि उघडपणे श्रद्धा पाळणारा संघ साऱ्या देशाला दिसत होता. हेच ओहारा पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष आणि नंतर कार्डिनल झाले.

न्यूयॉर्क, शिकागोच्या कामगार वस्त्यांतील ज्या कॅथलिकांनी कधी कॉलेजचे तोंडही पाहिले नव्हते, त्यांनी हा संघ आपला मानला. भुयारी रेल्वेने सामन्याला येणारे म्हणून त्यांना ‘सबवे ॲलम्नाय’, म्हणजे सबवेवाले माजी विद्यार्थी, असे नाव पडले. ‘फायटिंग आयरिश’ हे आधी हिणवण्यासाठी वापरले जाणारे नाव फादर वॉल्श यांनी १९२७ मध्ये अधिकृतपणे स्वीकारले.

यूएससीशी लढत कशी सुरू झाली?

शेजारच्या विद्यापीठांनी नोटर डेमला आपल्या गटात घेतले नाही. ज्या मिशिगनने खेळ शिकवला, त्यानेच १९१० मध्ये सामना ऐन वेळी रद्द केला आणि पुढे तीन दशके दोघे खेळले नाहीत. परिणामी नोटर डेमला प्रतिस्पर्धी शोधत देशभर फिरावे लागले. आज ज्याचा हेवा केला जातो ते ‘राष्ट्रीय वेळापत्रक’ बहिष्कारातून जन्माला आले.

नेब्रास्काशी दरवर्षी सामना होई. पण तेथे प्रेक्षकांकडून होणारी कॅथलिकविरोधी शेरेबाजी १९२५ मध्ये इतकी वाढली की नोटर डेमने ती मालिकाच बंद केली. यूएससीशी नाते जुळले ते त्याच सुमारास. यूएससीचे व्यवस्थापक ग्विन विल्सन आणि त्यांच्या पत्नी नेब्रास्काहून परतणाऱ्या रेल्वेत नोटर डेमचे प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांना भेटले. रॉकनी आधी तयार नव्हते, पण दोघांच्या पत्नींच्या गप्पांतून सामना ठरला, असे सांगितले जाते. ही कथा कितपत खरी याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. सामना मात्र खरा झाला. ४ डिसेंबर १९२६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये नोटर डेम १३-१२ असे जिंकले. पुढच्याच वर्षी शिकागोतील सोल्जर फील्डवर हा सामना पाहायला एक लाखाहून अधिक लोक आले.

यूएससीची स्थापना मेथॉडिस्ट प्रोटेस्टंटांनी केली होती. म्हणजे एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट मुळाचे. एक मध्य-पश्चिमेतील लहान शहरातले, एक प्रशांत किनाऱ्यावरील महानगरातले. दोघांमध्ये शेजारपणाचे भांडण नव्हते की गटाची सक्ती नव्हती. दरवर्षी भेटायचे हे त्यांनी आपणहून ठरवले होते. विजेत्याला रत्नजडित आयरिश सोटा मिळतो. नोटर डेम जिंकल्यास त्यावर पाचूचे तिपानी शॅमरॉक आणि यूएससी जिंकल्यास माणकाचे ट्रोजन योद्ध्याचे मस्तक लावले जाते. दोघांच्या विजयांची नोंद एकाच सोट्यावर राहते.

सामन्याच्या दिवशी फादर काय करतात?

नोटर डेममध्ये फादर केवळ कार्यालयात नसतात. अनेक जण विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतच राहतात आणि प्रत्येक वसतिगृहात प्रार्थनागृह आहे. खेळाडू, वाद्यवृंदातील मुले, प्रेक्षकांत ओरडणारे विद्यार्थी हे सगळे त्यांच्याच वसतिगृहातले. फुटबॉल संघासाठी स्वतंत्र धर्मगुरू असतो. सामन्यापूर्वी संघासाठी मिस्सा होते. मुख्य प्रशिक्षक मार्कस फ्रीमन यांनी २०२२ मध्ये सामन्याच्या दिवशीची ही प्रथा पुन्हा सुरू केली. त्याच वर्षी ते स्वतः कॅथलिक झाले. सामना संपल्यावर अर्ध्या तासाने बॅसिलिकात पुन्हा मिस्सा असते. निकाल काहीही लागो, तिला गर्दी होते.

लूर्द येथील गुहेची लहान प्रतिकृती आवारात आहे. सामन्याच्या आदल्या रात्री तेथे मेणबत्त्यांची रांग लागते. श्रद्धेला विनोदाचीही जोड आहे. ग्रंथालयाच्या भिंतीवर १९६४ पासून ख्रिस्ताचे १३४ फूट उंचीचे भित्तिचित्र आहे. त्याचे वर उचललेले हात पंचाच्या ‘टचडाऊन’च्या खुणेसारखे दिसतात, म्हणून सगळे त्याला ‘टचडाऊन जीझस’ म्हणतात. १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर सैनिकांना पापक्षमा देणाऱ्या फादर विल्यम कॉर्बी यांचा पुतळाही उजवा हात उंचावून उभा आहे. चेंडू झेलताना खेळाडू अशीच खूण करतो, म्हणून तो ‘फेअर कॅच कॉर्बी’.

देव आपल्याच संघाच्या बाजूने आहे, असा याचा अर्थ फादर लावत नाहीत. प्रतिस्पर्धीही प्रार्थना करतो, हे त्यांना ठाऊक असते. बोस्टन कॉलेजशी होणाऱ्या सामन्यात तर दोन्हीकडे कॅथलिक धर्मगुरू असतात, एकीकडे होली क्रॉसचे, दुसरीकडे जेझुइट. १९९३ मध्ये अव्वल क्रमांकावरील नोटर डेमला बोस्टन कॉलेजने अखेरच्या क्षणी ४१-३९ असे हरवले, तेव्हा एका धर्मसंघाच्या आनंदात दुसऱ्याचे दुःख होते.

नेव्हीला दिलेला शब्द काय आहे?

फादरांच्या लेखी लढत म्हणजे काय, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते अमेरिकी नौदल अकादमीच्या, म्हणजे नेव्हीच्या, संघाशी होणाऱ्या सामन्यात. दुसऱ्या महायुद्धात विद्यार्थी सैन्यात गेले आणि विद्यापीठ आर्थिक संकटात सापडले. नौदलाने आवारात अधिकारी प्रशिक्षण केंद्र चालवले आणि त्या उत्पन्नावर विद्यापीठ तगले. त्या उपकाराची आठवण म्हणून, नेव्हीला जोवर खेळायचे असेल तोवर हा सामना होईल, असा शब्द दिला गेला. फादर थिओडोर हेसबर्ग त्याचा आवर्जून उल्लेख करत. १९२७ ते २०१९ हा सामना सलग झाला. १९६४ ते २००६ या काळात नोटर डेम ओळीने ४३ वेळा जिंकले. बाजाराच्या हिशेबाने इतक्या एकतर्फी सामन्याला अर्थ नाही. तरीही तो टिकला, कारण तो करारापेक्षा कृतज्ञतेवर उभा होता. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांच्या विद्यापीठगीतासाठी उभे राहतात.

याउलट लष्करी अकादमीच्या, म्हणजे आर्मीच्या, संघाशी होणारा प्रचंड लोकप्रिय वार्षिक सामना दोन्ही संस्थांनी १९४७ नंतर स्वतःहून थांबवला. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये तो ०-० असा बरोबरीत सुटला होता आणि देशभर त्याचीच चर्चा होती. पण हा सामना दोन्ही संस्थांच्या हाताबाहेर चालला आहे, असे कारण तेव्हा देण्यात आले. म्हणजे लढत सोडणे फादरांना नवे नाही. नेब्रास्काशी ती अपमानामुळे सुटली, आर्मीशी ती अतिरेकामुळे.

फादर हेसबर्ग : चाहते की पहारेकरी?

हेसबर्ग १९५२ ते १९८७ अशी ३५ वर्षे अध्यक्ष होते. नागरी हक्क आयोगाचे सदस्य आणि नंतर अध्यक्ष म्हणून ते देशाला परिचित होते. १९६४ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर हात गुंफून उभे असलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ते सोल्जर फील्डवरचेच आहे, जेथे कधी काळी यूएससीशी सामना रंगला होता. केवळ फुटबॉलसाठी ओळखले जाणारे विद्यापीठ त्यांना नको होते. अध्यक्ष होण्यापूर्वीच, दौऱ्यावर नियमापेक्षा जास्त खेळाडू नेण्यावरून, त्यांचा नामवंत प्रशिक्षक फ्रँक लेही यांच्याशी खटका उडाला होता. हेसबर्ग मागे हटले नाहीत.

खेळाचा रोजचा कारभार त्यांचे सहकारी फादर एडमंड जॉइस पाहत. १९२५ च्या रोझ बाऊलनंतर विद्यापीठाने अभ्यासावर परिणाम नको म्हणून हंगामानंतरचे सामने ४५ वर्षे खेळले नव्हते. १९६९ च्या हंगामात हे धोरण बदलले. मिळणारा पैसा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी वापरायचे ठरले.

निवृत्तीनंतर हेसबर्ग महाविद्यालयीन खेळांतील गैरप्रकारांवर नेमलेल्या नाइट आयोगाचे सहअध्यक्ष झाले. १९९१ च्या अहवालाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : खेळांवर अंतिम नियंत्रण विद्यापीठाच्या अध्यक्षाचे असावे. प्रशिक्षक, देणगीदार किंवा दूरचित्रवाणी वाहिन्या यांच्या हाती ते जाऊ नये.

पैसा कधी वरचढ ठरला?

१९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सामन्यांच्या प्रक्षेपणावरील राष्ट्रीय क्रीडा संघटनेची, म्हणजे एनसीएएची, मक्तेदारी मोडली. विद्यापीठे आपले हक्क विकायला मोकळी झाली. त्याचा सर्वाधिक लाभ उठवणाऱ्यांत नोटर डेम होते. १९९१ पासून त्याचे घरचे सामने एनबीसी वाहिनीवर दिसतात. पहिला करार पाच वर्षांसाठी ३ कोटी ८० लाख डॉलरचा होता. एका विद्यापीठाला स्वतःची राष्ट्रीय वाहिनी मिळाल्याने इतर संतापले. १९९९ मध्ये बिग टेनचे निमंत्रण आले, तेव्हा ते नाकारणे नोटर डेमला परवडले ते या पैशामुळेच.

म्हणून आजच्या वादात नोटर डेमला निव्वळ परंपरेचा रक्षक ठरवणे अर्धवट ठरेल. ज्या स्वातंत्र्यामुळे ते यूएससीशी हवे तेव्हा खेळू शकत होते, ते स्वातंत्र्य वाहिनीच्या पैशावर उभे आहे. २०२६ पासून पहिल्या १२ संघांत असल्यास नोटर डेमला प्लेऑफमध्ये हमखास जागा मिळेल, अशी तरतूद आहे. गटात नसलेल्या संघाला अशी हमी का, हा प्रतिस्पर्ध्यांचा आक्षेप गैर म्हणता येत नाही.

दुसरीकडे जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. ज्यांच्या घामावर हे साम्राज्य उभे राहिले त्यांना वाटा मिळणे न्याय्यच. पण तो देण्यासाठी प्रत्येक सामन्यातून आणि प्लेऑफच्या प्रत्येक संधीतून पैसा काढण्याचा दबाव वाढला आहे. तारखेसाठी अडून बसणाऱ्या दोन्ही विद्यापीठांना हा दबाव सारखाच जाणवतो.

आता अंतिम शब्द कोणाचा?

१९६७ मध्ये हेसबर्ग यांनीच विद्यापीठाची मालकी धर्मसंघाकडून धर्मगुरू नसलेल्या लोकांचे बहुमत असलेल्या विश्वस्त मंडळाकडे सोपवली. त्या काळात ते धाडसी आणि दूरदृष्टीचे पाऊल होते. त्यामुळे फादरांचा अधिकार मात्र मर्यादित झाला. २००४ मध्ये प्रशिक्षक टायरोन विलिंगहॅम यांना तीनच हंगामांनंतर काढण्यात आले. तेव्हाचे अध्यक्ष फादर एडवर्ड मलॉय यांना तो निर्णय मान्य नव्हता. या निर्णयामुळे अध्यक्ष म्हणून लाज वाटल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले, पण निर्णय बदलला नाही.

आज क्रीडा विभागाची सूत्रे पीट बेव्हाक्वा यांच्याकडे आहेत. ते नोटर डेमचे माजी विद्यार्थी आहेत आणि त्याआधी एनबीसीच्या क्रीडा विभागाचे प्रमुख होते. यात गैर काही नाही. मात्र ओहारा किंवा जॉइस यांच्या जागी वाहिनीचा माजी प्रमुख बसतो, तेव्हा काळ कोठे पोहोचला आहे ते कळते. २०२५ च्या हंगामात पहिले दोन सामने हरून पुढचे दहा जिंकलेला हा संघ अकरावा ठरला आणि प्लेऑफमधून बाहेर राहिला. त्यानंतर त्याने हंगामोत्तर सामना खेळण्यासच नकार दिला. शंभर वर्षांपूर्वी असा नकार अभ्यासासाठी दिला जाई. या वेळी त्यामागे नाराजी होती.

पुढे काय?

दोन्ही विद्यापीठांनी भविष्यात पुन्हा खेळण्याची इच्छा व्यक्त केली आहे. मिशिगनशी तुटलेले नाते तीन दशकांनी जुळले होते, त्यामुळे आशेला जागा आहे. पण परंपरा ही प्रेक्षकांच्या पिढ्यांवर जगते. आजोबांनी वडिलांना आणि वडिलांनी मुलाला ज्या सामन्याला नेले, तो चार वर्षे झाला नाही, तर विद्यापीठातून एक पूर्ण तुकडी तो न पाहताच बाहेर पडते.

फादरांच्या फुटबॉलप्रेमाकडे गमतीने पाहणे सोपे आहे. त्यांनी या खेळाला पावित्र्याचे वलय दिले आणि त्या वलयाखाली मोठा व्यवसाय वाढला, ही टीकाही खोटी नाही. तरीही त्यांनी एक गोष्ट ओळखली होती. लढत टिकते ती दोघांनी शब्द पाळल्यामुळे, आणि प्रतिस्पर्धी नसेल तर आपलीही ओळख अपुरी राहते. नेव्हीशी सामना ते याच समजुतीने खेळत राहिले. यूएससीबाबत दोन्ही बाजूंनी तोट्या-फायद्याचा हिशेब मांडला आणि दोघांचाही हिशेब बरोबर आला. शंभराव्या वर्षी रत्नजडित सोटा मात्र कपाटातच राहणार आहे.